गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल: तक्ता लावण्याच्या नोंदी, नागपूर

११ फेब्रुवारी

काम ठरलं ते असं: मे महिन्याचं ऊन लागायच्या आत गॅरेजच्या भिंतीवर गिअरबॉक्स तेलाचा एक तक्ता लावायचा, आणि मांडणीवर तक्त्यात असलेलंच तेल ठेवायचं. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला येणाऱ्या गाड्या सगळ्या तऱ्हेच्या असतात. मॅन्युअल, एएमटी (मॅन्युअलच, पण गिअर यंत्र बदलतं), टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाचा जोर तेलातून पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिक, पट्टा-पुलीवर चालणाऱ्या सीव्हीटी, दोन क्लचच्या डीसीटी, शिवाय बोलेरो आणि पिकअप.

आज मांडणी रिकामी केली. लेबल फाटलेले, झाकण उघडे, अर्धे राहिलेले डबे बाजूला काढले. सील फोडून महिनोन्‌महिने पडलेलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) हवेतली ओल ओढतं, आणि कशाचं आहे हे सांगता येत नसेल तर ते तेल नसल्यात जमा. सगळं वापरलेल्या तेलाच्या बॅरलमध्ये ओतलं. ते बॅरल परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जाईल.

तक्त्याचा पहिला रकाना गाडीच्या नावाचा ठेवायचा नाही, एवढं आजच पक्कं केलं. २०२० नंतरची ‘क्रेटा’ म्हटलं तर तिच्यात सहा गिअरची मॅन्युअल, सहा गिअरची ऑटोमॅटिक, आयव्हीटी (ह्युंदाईची सीव्हीटी) आणि सात गिअरची डीसीटी, असं काहीही निघू शकतं. चौघींचं तेल वेगळं. म्हणून पहिला रकाना गिअरबॉक्सचा प्रकार, दुसरा त्याचा कोड, तिसरा तेलाचं स्पेसिफिकेशन. गाडीचं नाव चौथ्या रकान्यात, तेही ओळख पटावी एवढ्यासाठी.

१३ फेब्रुवारी

मॅन्युअलपासून सुरुवात. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, कारण ‘गिअर ऑइल नव्वद नंबर’ एवढं बोललं की सगळं सांगितलं असा समज आहे.

नव्वद हा फक्त जाडपणा. ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० ही दोन्ही तेलं १०० अंशांना एकाच वर्गात मोडतात. फरक थंडीतल्या वागण्याचा. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा इथे फारसा भाव खात नाही. ८०डब्ल्यूची थंडीतली कसोटी होते ते उणे २६ अंश इथे कोणी बघितले आहेत? कंपनीने ७५डब्ल्यू-८० लिहिलं असेल तर मात्र तेच टाकायचं. ते पातळ तेल सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) आणि बेअरिंगच्या हिशेबाने ठरवलेलं असतं, आपल्या हवामानाच्या नव्हे.

खरा प्रश्न जीएल-४ की जीएल-५ हा, म्हणजे तेलात दाब सोसणारी रसायनं किती. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची अतिदाबाची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. डिफरन्शिअलच्या (चाकांना जोर वाटणाऱ्या भागाच्या) हायपॉइड गिअरचे दात एकमेकांवर दाबून घसरतात, तिथे ती लागतातच. गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगचं काम उलटं. तिला शंकूवर घासून ब्रेक मारायचा असतो. तेल फार निसरडं असलं की रिंग पकडत नाही, दोन्ही बाजूंचे वेग जुळायच्या आधी गिअर जोडणारी स्लीव्ह दातांवर आदळते, आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना ‘कर्र’ होतं. ड्रायव्हर क्लचला दोष देतो, क्लच प्लेट बदलली जाते, आवाज तसाच राहतो.

‘जीएल-५ पितळ खाऊन टाकतं’ हे अर्धसत्य. जुन्या तेलांतलं गंधक पिवळ्या धातूवर चढायचं. आताच्या चांगल्या जीएल-५ मध्ये ते बरंच आवरलेलं असतं. घर्षणाचा प्रश्न मात्र तसाच आहे, म्हणून तक्त्यात कारण ‘घर्षण’ असंच लिहिलं.

बोलेरो, पिकअप वगैरे मागच्या चाकांच्या गाड्यांसाठी दोन वेगळ्या ओळी: गिअरबॉक्स एक, मागचं डिफरन्शिअलचं हाउसिंग दुसरं. एकच डबा दोन्हीकडे ओतायची सवय मोडायची आहे. वाडीच्या ट्रकवाल्यांकडून येणाऱ्या डब्यांवर एमटी-१ लिहिलेलं असतं. ते सिंक्रोनायझर नसलेल्या अवजड गिअरबॉक्सचं मानक आहे, कारला लावायचं नाही.

१९ फेब्रुवारी

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिक. इथे तेल चार कामं करतं: कन्व्हर्टरमधून जोर पोचवतं, व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब वाटणाऱ्या भागात) दाब धरतं, गिअर-बेअरिंगला वंगण देतं, आणि क्लच पॅकच्या कागदी अस्तराला नेमकं किती घसरायचं आणि कधी पकडायचं ते ठरवतं. शेवटचं काम सगळ्यात नाजूक. दोन तेलांचा जाडपणा सारखा असूनही घर्षण-सुधारकांचं मिश्रण वेगळं असेल तर एक चालेल, दुसरं गाडी थरथरवेल.

तेलांची घराणी, कंपनीप्रमाणे, अशी लावली:

टोयोटा: जुन्यांना टी-४, नंतरच्यांना डब्ल्यूएस. इनोव्हा क्रिस्टाच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला डब्ल्यूएस. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत, मिसळायचीही नाहीत. जपानी संकेत टी-४ चा जेडब्ल्यूएस ३३०९, डब्ल्यूएसचा जेडब्ल्यूएस ३३२४. इतर कंपन्यांच्या डब्यांवर बहुधा हाच आकडा असतो.

ह्युंदाई-किया: जुन्या चार गिअरच्यांना एसपी-३, सहा गिअरच्यांना एसपी-४. नाव जवळचं, तेल वेगळं. एसपी-४ पातळ आहे.

होंडा: जुन्या झेड-१ ची जागा डीडब्ल्यू-१ ने घेतली, म्हणून पुस्तिकेत झेड-१ असलं तरी डीडब्ल्यू-१ चालतं. असं मागे लागू पडणं सगळीकडे गृहीत धरू नये. कंपनीने लिहून दिलं तरच.

डेक्सरॉन: डेक्सरॉन-३ चे परवाने जनरल मोटर्सने २००६ मध्ये बंद केले. आज डब्यावर ‘डेक्सरॉन-३’ दिसतं ते डबेवाल्याचं स्वतःचं म्हणणं, त्याच्यामागे जीएमची तपासणी नाही. पॉवर स्टिअरिंगला ठीक. डेक्सरॉन-६ २००५ चं, त्याहून पातळ, आणि जीएमच्याच जुन्या गिअरबॉक्सना मागे लागू.

१०० अंशांना डेक्सरॉन-३ सात सेंटिस्टोकच्या (हे जाडपणाचं माप) आसपास, डेक्सरॉन-६ जास्तीत जास्त ६.४, आणि डब्ल्यूएससारखी तेलं साडेपाचच्या आसपास. नव्या व्हॉल्व्ह बॉडीतली भोकं आणि सोलेनॉइडची (विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हची) वेळ या पातळपणावर बेतलेली आहे.

२० फेब्रुवारी

रंगाची ओळ तक्त्यात मोठ्या अक्षरात घातली. ‘लाल ते लाल, काय फरक पडते भाऊ?’ हा प्रश्न काउंटरवर रोज येतो. लाल हा डाय आहे, गळती कुठली हे कळावं म्हणून. डेक्सरॉन, डब्ल्यूएस, एसपी-४ तिन्ही लाल, आणि तिन्ही वेगळी.

२८ फेब्रुवारी

सीव्हीटी. आधी धोक्याचं लिहिलं: इथे एटीएफ गेलं तर गिअरबॉक्स जातो.

कारण यंत्रातच आहे. सीव्हीटीत पोलादी पट्टा किंवा साखळी पोलादी पुलीच्या उतारावर फक्त दाबाने धरलेली असते. मध्ये दात नाहीत. सीव्हीटीएफला, म्हणजे सीव्हीटीच्या तेलाला, त्या दोन धातूंमध्ये घर्षण टिकवावं लागतं. एटीएफ क्लचच्या अस्तरासाठी गुळगुळीत केलेलं असतं. ते पडलं की पट्टा सूक्ष्म सरकतो, पुलीवर बारीक ओरखडे उठतात, आणि त्या ओरखड्यांवरून पट्टा पुढे कायम सरकत राहतो. नंतर योग्य तेल टाकूनही पुली गुळगुळीत होत नाही.

होंडा सिटीच्या २०१४ पासूनच्या सीव्हीटीला एचसीएफ-२. त्याआधीची पहिली सीव्हीटी वेगळ्या बनावटीची, तिचं तेल एचएमएमएफ. ह्युंदाई-किया आयव्हीटीला एसपी-सीव्हीटी१. निसानच्या जॅटको (गिअरबॉक्स बनवणारी कंपनी) सीव्हीटींमध्ये जुन्यांना एनएस-२, नंतरच्यांना एनएस-३.

चुकून एटीएफ गेलंच आणि लगेच लक्षात आलं तर: इंजिन बंद, गाडी हलवायची नाही. काढा, योग्य तेल भरा, गाडी उचललेली ठेवून इंजिन आयडलवर, सिलेक्टर सगळ्या जागांतून हळू फिरवा, पुन्हा काढा. असं किमान तीनदा. रस्त्यावर दहा-वीस किलोमीटर चाललेली असेल तर मालकाला पुलीबद्दल आधीच स्पष्ट सांगायचं.

७ मार्च

एएमटी. ही ऑटोमॅटिक नाही, मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसवलेला यंत्राचा हात (ॲक्च्युएटर) आहे. म्हणून गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल, एटीएफ नाही. ज्या एएमटीत क्लच आणि गिअर तेलाच्या दाबावर चालतात, त्यांत ॲक्च्युएटरची छोटी वेगळी टाकी असते आणि तिचं हायड्रॉलिक तेल वेगळं. ते कमी झालं की गिअर अडकतो आणि दिवा लागतो. गिअर ऑइल कितीही ताजं असो. काही एएमटीत ॲक्च्युएटर विजेच्या मोटरवर चालतो, तिथे ही टाकीच नाही. तक्त्यात दोन उपओळी.

१२ मार्च

डीसीटी. ओला क्लच की कोरडा, हा पहिला प्रश्न.

फोक्सवॅगन-स्कोडाची सहा गिअरची डीक्यू२५० ओल्या क्लचची. जुन्या लॉरा, पसाटमध्ये दिसते. क्लच त्याच तेलात बुडालेले, म्हणून ते मळतंही लवकर: दर ६०,००० किलोमीटरला बदल, फिल्टरसह. तेल जी ०५२ १८२ प्रकारचं. सात गिअरची डीक्यू२०० कोरड्या क्लचची. गिअरसाठी पावणेदोन लिटरच्या आसपास गिअर ऑइल, आणि मेकॅट्रॉनिकचं (क्लच-गिअर हलवणाऱ्या भागाचं) हायड्रॉलिक तेल वेगळ्या कप्प्यात. ओल्या डीएसजीचा (फोक्सवॅगनचं डीसीटीचं नाव) डबा कोरडीत ओतणं हा नेहमी घडणारा घोटाळा आहे, कारण डब्यावर ‘डीएसजी’ एवढंच मोठं छापलेलं असतं.

‘सिंथेटिक म्हणजे भारी’ असा हट्ट धरणाऱ्यांसाठी एक उदाहरण तक्त्याखाली लिहून ठेवलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख सात-गिअर डीएसजी गाड्या परत बोलावून त्यांतलं सिंथेटिक तेल काढलं आणि मिनरल भरलं. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-थांबत चालवण्यात त्या सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. महाग तेल आणि योग्य तेल एकच असेल असं नाही.

२४ मार्च

डब्याचं लेबल वाचायची पद्धत पोरांना दाखवली. तीन पायऱ्या असतात, आणि त्या मुद्दाम एकाच ओळीत छापतात.

‘अप्रूव्ह्ड’: गाडी किंवा गिअरबॉक्स बनवणाऱ्याने तेल तपासून मंजूर केलं, मंजुरी क्रमांक असतो. ‘मीट्स’: तेल बनवणारा म्हणतो की आम्ही निकष पूर्ण करतो. ‘सुटेबल फॉर’ किंवा ‘रेकमेंडेड फॉर’: तेल बनवणाऱ्याला वाटतं की चालेल. डेक्सरॉन-३ पासून डब्ल्यूएस, एसपी-४ आणि वर सीव्हीटीसुद्धा एकाच डब्यावर दिसलं, की तो डबा मांडणीवर ठेवायचा नाही. सात आणि साडेपाच सेंटिस्टोक एकाच तेलात मावत नाहीत.

मल्टी-व्हेइकल सरसकट वाईट नाही. कमी जाडपणाच्या घराण्यातलं चांगल्या कंपनीचं तेल डब्ल्यूएस, एसपी-४ आणि डेक्सरॉन-६ या तिघांच्या जागी पुष्कळ ठिकाणी नीट चालतं. वॉरंटीत असलेल्या गाडीला मात्र कंपनीचंच. सीव्हीटीला आणि डीसीटीला वॉरंटी संपली तरी कंपनीचंच.

८ एप्रिल

आता लेव्हल. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये तेल बरोबर आणि माप चूक, हे नागपुरात दर उन्हाळ्यात होतं. त्यामागचं कारण इथल्या हवेत आहे.

इनोव्हा क्रिस्टा आणि डीक्यू२५० दोन्हींत लेव्हल ओव्हरफ्लोच्या नळीवरून बघतात. पॅनमधून (गिअरबॉक्सच्या तळाच्या ट्रेमधून) उभी नळी वर गेलेली असते. तेल तिच्या तोंडापेक्षा वर असेल तर खाली गळतं, नाहीतर नाही. ही तपासणी तेलाच्या ठरावीक तापमानालाच करायची: डीक्यू२५० ला ३५ ते ४५ अंश, टोयोटात ४० च्या आसपासचा पट्टा, नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेत.

मे महिन्यात दुपारी सावलीतच ४५ असतं. वर्धा रोडवरून आलेल्या गाडीच्या पॅनमध्ये तेल ८०-९० वर, आणि शेडमध्ये उभी करून ठेवली तरी संध्याकाळपर्यंत ते ४५ च्या खाली येतच नाही. म्हणजे दुपारी ही तपासणी करताच येत नाही. आठ लिटरचा साठा ३० अंशांनी जास्त गरम असला तर सुमारे पावणेदोनशे मिली फुगतो. ते जास्तीचं नळीतून बाहेर पडतं, मिस्त्री बोल्ट आवळतो, आणि सकाळी थंड तेलावर गाडी कमी मापाने निघते. लक्षण: पहिल्या चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर पंप हवा ओढतो, ‘डी’ उशिरा लागतो.

म्हणून एप्रिल ते जून नियम: गाडी आदल्या दिवशी ठेवून घ्यायची, काम सकाळी सहा-सातला. क्रम असा.

गाडी चारही बाजूंनी समपातळीत. आधी भरायचा प्लग सैल होतो का ते बघा, मगच ड्रेन उघडा. रिकामा केलेला गिअरबॉक्स आणि न निघणारा फिलर प्लग, यापेक्षा वाईट सकाळ नाही. ड्रेन करून तेल मोजा, तेवढंच भरा, वर अंदाजे अर्धा लिटर जास्त. इंजिन सुरू, एसी बंद, ब्रेकवर पाय ठेवून सिलेक्टर प्रत्येक जागेवर काही सेकंद, परत ‘पी’. स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत राहा. इन्फ्रारेड गन पॅनच्या पत्र्याचं तापमान दाखवते, आतल्या तेलाचं नाही. पट्ट्यात आलं की, इंजिन चालू असतानाच, ओव्हरफ्लो प्लग काढा. सलग धार येईल. ती तुटून थेंब पडायला लागले की नवा वॉशर घालून प्लग लावा, टॉर्क रेंचने. काहीच आलं नाही तर तेल कमी आहे, थोडं थोडं भरा.

इंजिन बंद करून प्लग उघडला तर कन्व्हर्टरमधलं तेल पॅनमध्ये उतरलेलं असतं. भसाभसा बाहेर येतं, आणि ‘जास्त होतं’ असा समज होऊन माप लिटरने कमी पडतं.

डीक्यू२५० मध्ये ड्रेन प्लगच्या आत प्लॅस्टिकची नळी असते, ती ॲलन कीने काढल्याशिवाय तेल पूर्ण उतरत नाही. परत बसवायला विसरायचं नाही.

९ एप्रिल

मापाचं भांडं बंद, वजनकाटा सुरू. गरम तेल भांड्यात जास्त दिसतं, काट्यावर नाही. एटीएफची घनता ०.८५ च्या आसपास, म्हणजे लिटरमागे साधारण ८५० ग्रॅम. रिकामी ट्रे आधी तोलून ठेवायची. काढलेलं २.९ किलो भरलं तर नवं २.९ किलो, वर कालच्या क्रमातला अर्धा लिटर. डीक्यू२०० सारख्या, लेव्हल बघायची सोयच नसलेल्या गिअरबॉक्सला उलट: किती निघालं ते सोडा, पुस्तिकेत जेवढं लिहिलंय तेवढंच मोजून भरा. आधीच्याने चूक मापाने भरलेलं असू शकतं.

१७ एप्रिल

एकदा ड्रेन केल्याने सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टर आणि नळ्यांत राहतं. एकूण आठ लिटरमधलं तीन निघतं असं धरलं तर पहिल्या बदलानंतर नवं तेल ३८ टक्के, दुसऱ्यानंतर ६१, तिसऱ्यानंतर ७६. दरम्यान काही दिवस गाडी चालवायची. दुसऱ्यापर्यंत पैसे वसूल, तिसरा बदल तेलाचं घराणं चुकलेलं असेल तरच.

दाबाने फ्लश करायचं यंत्र दीड लाख किलोमीटर न बदललेल्या गिअरबॉक्सला लावायचं नाही. सुटलेली घाण व्हॉल्व्ह बॉडीच्या भोकांत जाऊन बसते. ‘लाइफटाइम फिल’ (तेल कधीच बदलायला नको) लिहिलेल्या गाड्यांबद्दल: आठ गिअरचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. आमच्या तक्त्यात टॅक्सीला ६०,०००.

२ मे

‘ऊन जास्त आहे, जाड तेल टाका’ ही मागणी सुरू झाली. उत्तर: नाही. तेल गरम होतं ते कन्व्हर्टरमधल्या घुसळणीने, आणि जाड तेल जास्त घुसळतं, कूलरमधून कमी वाहतं. म्हणजे उलट तापतं. उन्हाळ्याचा उपाय तेलाच्या डब्यात नाही: रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधली धूळ साफ करणं, पंख्याचा वेग तपासणं, बदलाचं अंतर कमी करणं. समृद्धीवर १२० ने लांब जाणाऱ्या आणि भरून चालणाऱ्या गाड्यांना बाहेरचा जास्तीचा एटीएफ कूलर. तेल ८०-९५ वर राहिलं तर ठीक. १२० च्या पुढे ते वार्निशसारखं चिकट व्हायला लागतं. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना आयुष्य निम्मं.

१४ मे

काढलेलं तेल बघण्याची पाटी तयार झाली. मॅग्नेटवर राखाडी लेप, बोटाने पुसला जाईल असा, हे नेहमीचं. चकत्या किंवा सुया आल्या तर तेल भरायचं नाही, मालकाला फोन. काळं आणि जळका वास असला तर क्लचचं अस्तर जळतंय. ५० ते ८० च्या वेगात स्थिर पेडलवर रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर असेल तर लॉकअप क्लच (कन्व्हर्टरच्या दोन बाजू थेट जोडणारा). त्यात योग्य तेलाने पुष्कळदा फरक पडतो, म्हणून कन्व्हर्टर उतरवायच्या आधी दोन बदल.

गुलाबी, दुधाळ तेल म्हणजे पाणी. एकतर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलंय, नाहीतर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा जायच्या नळीतून) पुराचं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी भरून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्यांचे ब्रीदरही पाण्याखाली गेले होते. अशी गाडी चालू करायची नाही, टो करून आणायची. कागदी अस्तर पाणी पितं आणि पत्र्यापासून सुटतं. फक्त तेल बदलून ते परत चिकटत नाही.

२१ मे

तक्ता छापून लॅमिनेट केला, लिफ्टच्या खांबावर लावला. शेवटचे दोन रकाने हाताने भरायचे: तेलाचा बॅच क्रमांक, आणि किती किलो निघालं व किती गेलं. मांडणीवर डबे घराण्याप्रमाणे, सीव्हीटीचे डबे सगळ्यात खाली, वेगळ्या कुलपाच्या कपाटात. फनेल आणि पंपही सीव्हीटीचे वेगळे, पिवळी टेप लावलेले. पंपाच्या नळीत राहिलेलं पाव लिटर एटीएफही तिथे नको.

बाकी: टाटाच्या ओल्या क्लचच्या डीसीएची (टाटाची डीसीटी) ओळ रिकामी आहे. पुस्तिकेची प्रत आली की भरायची. तोवर अशी गाडी आली तर चासी नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरला विचारायचं, अंदाजाने नाही.